स्मॉल बेसिकमधल्या तारखा: वाचनालयाच्या काउंटरवरून

पहिला आठवडाभर आमच्या वाचनालयात कुणालाच दंड लागला नाही. तीन महिने पुस्तक घरी ठेवून बसलेल्या एका काकूंनाही कॉम्प्युटरने ‘दंड: ०’ असं सांगितलं. त्या इतक्या खूश झाल्या की जाताना दोन दिवाळी अंक मागून घेऊन गेल्या. गाव एकाएकी शिस्तीचं कसं झालं, हा प्रश्न मला पडायला हवा होता. तो पडला आठव्या दिवशी, गल्ल्यात दंडाचा एकही रुपया दिसेना तेव्हा.

मी तालुक्याच्या गावी ‘क’ वर्गातल्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. सकाळी आठ ते अकरा, संध्याकाळी साडेचार ते आठ, सोमवारी सुट्टी. पुस्तक पंधरा दिवस ठेवता येतं, पुढे दिवसाला एक रुपया. इतकी वर्षं हा हिशेब मी रजिस्टर, भिंतीवरचं कालनिर्णय आणि डाव्या हाताची मूठ यांच्यावर केला. मुठीच्या उंचवट्यावर आला तो महिना ३१ चा, खळगीत आला तो ३० चा, फेब्रुवारीचं काय ते तोंडी. जुलै २०२३ मध्ये एका सभासदाने जुना लॅपटॉप देणगी दिला. त्यावर सातवीतल्या माझ्या भाच्याने स्मॉल बेसिक टाकून दिलं आणि म्हणाला, “मावशी, यात तू स्वतःच प्रोग्रॅम लिही. सोप्पंय.” दोन वर्षांहून जास्त काळ वापरल्यावर त्याबद्दल लिहिते आहे. तेही सगळ्याबद्दल नाही, फक्त तारखांबद्दल. चित्रं काढणं, कासव फिरवणं वगैरे भाग भाच्याच्या अखत्यारीतला.

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: स्मॉल बेसिक ही मायक्रोसॉफ्टची शिकाऊ लोकांसाठीची भाषा. २००८ मध्ये आली, फुकट आहे, विंडोजवर चालते. मूळची बेसिक भाषा अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात १ मे १९६४ रोजी पहिल्यांदा चालली. आमच्या महाराष्ट्र दिनाच्याच तारखेला, म्हणून ती माझ्या लक्षात राहते. ही तिची नात म्हणा. इफ, फॉर, व्हाइल, सब, गोटू असे धरून पाठ करायचे शब्द अवघे चौदा. पडदा मोकळा. एखाद्या वस्तूचं नाव टाइप करून टिंब दिलं की तिच्याकडे काय काय आहे ते समोर येतं आणि उजव्या बाजूला त्याची माहितीही दिसते. माझ्यासारख्या बी.कॉम. बाईला याचा खरोखर आधार वाटला. पुस्तक शोधायला कपाटापर्यंत जावं आणि कपाटाने स्वतःच दार उघडावं, तसं.

तारखेसाठी ‘क्लॉक’ नावाची वस्तू आहे. क्लॉक.डेट म्हटलं की आजची तारीख, क्लॉक.टाइम म्हटलं की वेळ. क्लॉक.डे, क्लॉक.मंथ, क्लॉक.इयर हे तीन आकडे सुटे. क्लॉक.वीकडे आजचा वार सांगतो. तास, मिनिट, सेकंद, मिलिसेकंदही आहेत. पहिल्या संध्याकाळी मी पाच ओळींत आजची तारीख आणि वार पडद्यावर आणला आणि शिपाईमामांना बोलावून दाखवला. मामा म्हणाले, “हे तर कोपऱ्यात दिसतंयच की.” दिसत होतंच. पण कोपऱ्यातलं विंडोजने दाखवलेलं, हे मी.

आता तो शून्याचा घोटाळा. मी सरळ विचार केला होता: आजची तारीख वजा पुस्तक नेल्याची तारीख, बरोबर दिवस. त्यातून पंधरा गेले की उरलेला दंड. तसं लिहिलं, भाषेने हूं की चूं केलं नाही. पण या भाषेत तारीख नावाचा प्रकारच नाही. क्लॉक.डेट देतं ती नुसती अक्षरं, ‘12-07-2023’ अशी, मला दिसताना तारीख आणि यंत्राला बाराखडीसारखीच एक ओळ. ज्याचा आकडा होत नाही अशा मजकुराची वजाबाकी करायला सांगितली की स्मॉल बेसिक त्याला शून्य धरतं. शून्य वजा शून्य, शून्य. काकूंचे तीन महिने असे माफ झाले. उलट बेरीज केली की आणखी गंमत: त्याच तारखेत पंधरा मिळवले तर ते शेपटाला चिकटतात आणि उत्तर येतं ‘12-07-202315’. म्हणजे पुस्तक परत करायचं ते २,०२,३१५ सालच्या जुलैत. वाचकाला घाई नको.

यात भाषेला बोल लावणार नाही. माहितीच्या चौकटीत कुठेही म्हटलेलं नाही की वजाबाकी होईल, ती मी गृहीत धरली. तरी एक लाल ओळ आली असती, ‘बाई, ही अक्षरं आहेत’ असं कुणी म्हटलं असतं, तर माझा आठवडा वाचला असता. शिकाऊ माणसाला न रागावण्याचं धोरण चांगलं आहे, पण कधी कधी मास्तरांनी रागावलेलं बरं.

दुसरी चूकही माझीच. त्या अक्षरांतली पहिली दोन कापून दिवस, पुढची दोन कापून महिना, असा उद्योग मी केला. वाचनालयातल्या लॅपटॉपवर तो छान चालला. भाच्याच्या घरी मात्र तोच प्रोग्रॅम बाराव्या महिन्याच्या सातव्या दिवसाबद्दल बोलायला लागला, कारण त्याच्या लॅपटॉपवर विंडोजची तारीख अमेरिकन पद्धतीने, महिना आधी अशी लावलेली होती. क्लॉक.डेट ज्या यंत्रावर बसतं त्याची चाल धरतं. म्हणून नवख्यांना एकच सांगते: क्लॉक.डेट फक्त दाखवायला वापरा, हिशेबाला डे, मंथ, इयर सुटेच घ्या.

मग मला या वस्तूतलं खरं रत्न सापडलं. नाव लांबलचक आहे, क्लॉक.इलॅप्स्डमिलिसेकंड्स. १९०० सालाच्या सुरुवातीपासून आत्तापर्यंत किती मिलिसेकंद झाले तो आकडा. त्याला ८,६४,००,००० ने भागायचं, कारण एका दिवसात तेवढे मिलिसेकंद असतात, आणि मॅथ.फ्लोअरने अपूर्णांक उडवायचा. उरतो तो आजचा क्रमांक. १ मार्च २०२४ चा क्रमांक ४५,३५० येतो. उद्याचा एकने जास्त, बस. महिना ३० चा की ३१ चा, लीप वर्ष आहे की नाही, काहीच विचारायचं नाही.

हे कळल्यावर मी रात्री जेवता जेवता ठरवलं की पुस्तक देताना फाइलमध्ये तारीख लिहायचीच नाही, क्रमांक लिहायचा. परत आलं की आजचा क्रमांक वजा तो क्रमांक. दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊण तासात काम झालं, आणि दंडाचे पहिले सात रुपये आले ते आमच्याच कार्यवाहांकडून. पावती मी जपून ठेवली आहे.

इथे थांबले असते तर हे परीक्षण पाच तारे देऊन संपलं असतं. पण रजिस्टरात दीडशेच्या वर जुन्या नोंदी शाईने लिहिलेल्या होत्या, आणि क्लॉक फक्त ‘आज’ ओळखतं. काल, परवा, गेल्या दिवाळीनंतरचा शनिवार यांच्याशी त्याचा संबंध नाही. दिलेल्या तारखेचा क्रमांक काढ, असं सांगायची सोय स्मॉल बेसिकच्या मूळ वस्तूंत नाही. ते कॅलेंडर आपण बांधायचं.

आमचे एक सभासद गणिताचे निवृत्त शिक्षक आहेत. सरांना विचारलं तर त्यांनी चहा थंड होऊ देऊन कागदावर एक जुनं, सगळ्यांच्या वापरातलं सूत्र लिहून दिलं. व म्हणजे वर्ष, म महिना, द दिवस:

म ३ पेक्षा लहान असेल तर म = म + १२, व = व − १
क्रमांक = ३६५ × व + व/४ − व/१०० + व/४०० + (१५३ × (म − ३) + २)/५ + द

प्रत्येक भागाकाराला मॅथ.फ्लोअर लावायचं, म्हणजे पूर्णांक तेवढा ठेवायचा. हे वाचून डोळे फिरले, पण सरांनी फोड केली ती इथे देते, कारण या सगळ्या खटाटोपात मला मिळालेली सगळ्यात सुंदर गोष्ट तीच आहे. सगळा त्रास फेब्रुवारीचा. तर त्याला वर्षाच्या शेवटी नेऊन बसवायचं, म्हणजे त्याचा २९ वा दिवस आला काय, न आला काय, मागे कुणी बिघडायला उरत नाही. म्हणून वर्ष मार्चपासून सुरू आणि जानेवारी-फेब्रुवारी हे मागच्या वर्षाचे १३ वा आणि १४ वा महिना. जुन्या रोमन वर्षाची सुरुवात मार्चपासूनच होती. सप्टेंबर, ऑक्टोबर या नावांत सात आणि आठ लपलेले आहेत ते त्यामुळे. आमच्याकडे चैत्रही त्याच सुमाराला लागतो आणि बँकेचं वर्षही ३१ मार्चला संपतं, तेव्हा मला हे काही परकं वाटलं नाही.

आणि ते १५३? मार्च ते जुलै मोजा: ३१, ३०, ३१, ३०, ३१. बेरीज १५३. ऑगस्ट ते डिसेंबर मोजा: पुन्हा ३१, ३०, ३१, ३०, ३१. पुन्हा १५३. पाच महिन्यांचा हा ठेका आहे, म्हणून ते पाचने भागणं. सर म्हणाले, “तुमची मूठच आहे ही, फक्त अंकांत लिहिलेली.” मी काउंटरखाली हात घेऊन मूठ बघितली.

पडताळा असा: २८ फेब्रुवारी २०२४ चा क्रमांक ७,३९,२५० आणि १ मार्च २०२४ चा ७,३९,२५२. मध्ये दोनचा फरक, म्हणजे २९ तारीख धरली गेली. या क्रमांकातून ६,९३,९०२ वजा केले की क्लॉकचा १९०० पासूनचा क्रमांक मिळतो, ७,३९,२५२ चे तेच ४५,३५०. दोन्ही हिशेब एकमेकांना भेटले तेव्हा रोजमेळ पहिल्याच फटक्यात जुळल्यावर होतो तसा आनंद झाला.

ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत प्रोग्रॅमने एकही चूक केली नाही. जानेवारीत एका ताईंना आठवणीची चिठ्ठी गेली आणि ती घेऊन त्या काउंटरवर आल्या. “मॅडम, हा तेरावा महिना कुठला हो? अधिक मास का?” चिठ्ठीवर छापलं होतं: पुस्तक नेल्याची तारीख ४/१३/२०२३.

हे समजायला मला दोन संध्याकाळी लागल्या. स्मॉल बेसिकमध्ये ‘सब’ नावाचा तुकडा लिहून तो पाहिजे तेव्हा हाकारता येतो. पण त्याला काही हातात देता येत नाही आणि त्याच्याकडून काही वेगळं घेताही येत नाही. घरात एकच फळा, सगळ्यांनी त्यावरच लिहायचं. माझ्या सबने सूत्रासाठी म मध्ये १२ मिळवले, व मधून एक वजा केला, आणि फळा तसाच ठेवून निघून गेला. नंतर चिठ्ठी छापणाऱ्या ओळीने त्याच फळ्यावरचं वाचलं. ४ जानेवारी २०२४ चं झालं ४/१३/२०२३. दंडाचा हिशेब बरोबर, चिठ्ठी चूक. आणि ऑगस्ट ते डिसेंबर या काळात जानेवारी-फेब्रुवारीची एकही तारीख त्या वाटेने गेली नव्हती, म्हणून काही कळलंही नव्हतं. आता सबच्या आत मी वेगळी नावं वापरते, ‘क्र_म’ आणि ‘क्र_व’ अशा धर्तीची इंग्रजी नावं, आणि बाहेरच्यांना हात लावत नाही. हा नियम कुणी शिकवला नाही, त्या ताईंच्या अधिक मासाने शिकवला.

वाराचंही तसंच. क्लॉक.वीकडे आजचा वार सांगून मोकळं होतं, पण मला हवा असतो पंधरा दिवसांनंतरचा. आमचा नियम आहे, परतीचा दिवस सोमवारी आला तर मंगळवारपर्यंत दंड नाही. तर सूत्रातून आलेल्या क्रमांकाला सातने भागायचं आणि मॅथ.रिमेंडरने बाकी घ्यायची. शून्य उरले तर मंगळवार, एक बुधवार, असं करत सहा म्हणजे सोमवार. १ मे १९६० घालून बघितलं, बाकी पाच, रविवार. १५ ऑगस्ट १९४७, बाकी तीन, शुक्रवार. डार्टमथचा तो १ मे १९६४ सुद्धा शुक्रवारच निघाला. मग काय, वाचनालयात येणारा जो तो आपली जन्मतारीख सांगायला लागला. दोन दिवस काउंटरवर पुस्तकांपेक्षा वारच जास्त गेले.

त्याच गर्दीत इतिहासाची पुस्तकं नेणाऱ्या एका आजोबांनी मला पकडलं. “१९ फेब्रुवारी १६३० घाला बरं.” घातली. मंगळवार. आजोबांनी मान हलवली. “महाराजांचा जन्म शुक्रवारचा. फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. तुमचं यंत्र चुकतंय.” यंत्र चुकत नव्हतं, आम्ही त्याला दोन पंचांगांची भेसळ करून देत होतो. १९ फेब्रुवारी ही तारीख जुन्या, ज्युलियन पद्धतीची. माझं सूत्र आजच्या ग्रेगरियन पद्धतीचं, जी १५८२ मध्ये युरोपात काही देशांनी घेतली आणि इंग्रजांनी १७५२ पर्यंत घेतली नव्हती. सतराव्या शतकात दोन्हींत दहा दिवसांचं अंतर होतं. दहा दिवस पुढे जाऊन १ मार्च १६३० घातली, बाकी तीन. शुक्रवार. आजोबा काही बोलले नाहीत, पण त्या दिवसापासून ते मला ‘बाई’ऐवजी ‘मॅडम’ म्हणतात. जुन्या तारखा कुणी या सूत्रात घालणार असेल तर हे ध्यानात ठेवा.

इतर पर्यायांशी तुलना करायची तर मी काही तज्ज्ञ नाही, पण जे हाताळलं ते सांगते. स्मॉल बेसिकला बाहेरून जोडायचं लिटडेव्ह नावाचं फुकट एक्स्टेंशन मिळतं, त्यात तारखांसाठी वेगळी वस्तू आहे आणि बेरीज-वजाबाकीची सोय आहे. ते आधी माहीत असतं तर मी सूत्राच्या वाटेला गेले नसते, आणि मग १५३ चं गुपितही कळलं नसतं. व्हिज्युअल बेसिक या मोठ्या भाषेत तारखांच्या वजाबाकी-बेरजेसाठी डेटडिफ आणि डेटअ‍ॅड तयारच आहेत, आणि स्मॉल बेसिकमधला ‘ग्रॅज्युएट’ बटणाचा रस्ता तिकडेच जातो. मी अजून दाबलेलं नाही. भाचा आधी स्क्रॅच ही ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायची मुलांची भाषा वापरायचा, त्यात २००० सालापासूनचे दिवस देणारा एक ठोकळा आहे, म्हणजे माझीच युक्ती, फक्त घड्याळ शंभर वर्षांनी पुढे. एक्सेलमध्ये दोन तारखा सरळ वजा होतात. पण तेही फार सोवळं नाही: त्यात २९ फेब्रुवारी १९०० नावाचा एक दिवस आहे जो कधी उगवलाच नाही, कारण १९०० लीप वर्ष नव्हतं. जुन्या लोटस प्रोग्रॅमशी जुळवून घेण्यासाठी तो तसाच ठेवला गेला.

मग घ्यावं का? सहावी-सातवीच्या पोराला प्रोग्रॅमिंगची गोडी लावायची असेल तर जरूर. ‘तुझा जन्म होऊन आज किती दिवस झाले’ हा प्रोग्रॅम लिहायला सांगा आणि मदत करू नका. ज्याला उद्या सकाळी पन्नास सभासदांचा दंड काढायचा आहे त्याने मात्र सरळ एक्सेल उघडावं. मी उघडलं नाही याला कारण हट्ट, दुसरं काही नाही. तारखांपुरते पाचपैकी तीन तारे देते. त्यातला एक त्या लांब नावाच्या मिलिसेकंदवाल्या आकड्यासाठी आहे, आणि तो परत घेणार नाही.

एक अडचण अजून सुटायची आहे. कार्यवाहांना चिठ्ठीवर महिना मराठीत हवा आहे, ‘४ जानेवारी’ असा. काळ्या टेक्स्टविंडोत देवनागरी नीट उमटत नाही, नुसत्या चौकटी दिसतात. ग्राफिक्सविंडोत मात्र अक्षरं व्यवस्थित येतात, पण मग प्रत्येक ओळ कुठे लिहायची ते मोजून सांगावं लागतं. बारा महिन्यांची नावं मी यादीत घालून ठेवली आहेत. तेराव्या जागी भाच्याने गुपचूप ‘अधिक मास’ लिहून ठेवलं होतं. ते मी पुसलेलं नाही.